शिंगं रंगवलेली गाडी

आमची पिकअप पहिल्यांदा वाजली ती अंजनगावच्या अलीकडे, आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःचं बरंच कौतुक करणार आहे, आणि बाईंना पहिल्यापासून सगळं कळत होतं असा कुणाचा समज व्हायला नको. काही कळत नव्हतं. मागे हौद्यात संत्र्याच्या कलमा होत्या, रस्ता मोकळा होता, आणि डाव्या बाजूनं कुठूनतरी कट... कट... कट असा आवाज येत होता. मला वाटलं, एखादं खुरपं पिशव्यांमध्ये राहिलं असेल.

मी अकोटच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. माहेर अमरावतीचं. वडील शिक्षक, आजोबा शिक्षक. आमच्या घरात वाहन म्हणजे एक सायकल, आणि तीही चालवायची कमी, पुसायची जास्त. सासर अकोटजवळच्या खेड्यातलं, काळ्या जमिनीचं आणि बैलांचं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की आता बाई पोथी वाचतील आणि गुडघे कुरवाळत बसतील. मी नर्सरी काढली. संत्रा, लिंबू, थोडं सीताफळ. कलमा मी बांधायच्या आणि नवऱ्यानं पिकअपमध्ये घालून गिऱ्हाइकाच्या शेतावर पोचवायच्या, अशी वाटणी होती. दोन वर्षं बरी चालली. मग त्याच्या मणक्यात गॅप निघाला आणि डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दुसऱ्याच महिन्यात मी शिकाऊ लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझं वय दोनदा वाचलं.

गाडी एका जिनिंगवाल्याकडून घेतलेली, जुनी. तिचा डावा दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. हॉर्न सोडून सगळं वाजतं असं जुन्या गाडीबद्दल म्हणतात, ते तिच्याकडे पाहूनच कुणीतरी म्हटलं असावं. पण ती माझी होती. परतवाडा, दर्यापूर, पार अमरावतीच्या पलीकडे नांदगाव पेठेपर्यंत मी तिला एकटीनं नेऊन आणली आहे. एखाद्या चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून साडीचा पदर खोचत मी खाली उतरले की बाकावरचे लोक चहा प्यायचे थांबत. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

घरात एकच माणूस असा होता ज्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या वर, काठी हातात, पण चाल अजून बैलगाडीच्या बाजूनं चालणाऱ्या माणसाची. मी गाडी चालवायला लागल्यापासून ते तिच्यात एकदाही बसले नव्हते. अकोटला जायचं तर एस.टी.नं जात. मी कधी म्हटलं की मामाजी, मी तिकडेच चाललेय, तर म्हणत, "जाय तू. मले घाई नाई." मग फाट्यावर तासभर उभे राहत. हा माणूस मला वाईट बोलला असता तर मी भांडले तरी असते.

आता पोळ्याचं सांगायला हवं, कारण आवाजाचं मूळ तिथे आहे. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल. गावच्या तोरणाखाली बैल उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून होतात, आणि मग बैल घरी येतात. घरच्या बाईनं त्यांच्या खुरांवर पाणी घालायचं, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची. आमच्या घरची रीत अशी की बैल घेऊन येणाऱ्या गाडीवानाला घरच्या कर्त्यानं बोजारा द्यायचा, आणि घरच्या बाईनं त्याच्याही पायांवर पाणी घालायचं. बोजारा म्हणजे त्या दिवसाचा मान. नारळ, नवा दुपट्टा, हातावर काहीतरी. वर्षभर ज्यानं कासरा धरला त्याचा तो हक्क. सून म्हणून तीस पोळे मी ते पाणी घातलं आहे.

त्या वर्षी गोठा रिकामा होता. आमची शेवटची जोडी म्हातारी झाली होती, आणि मामाजींचा हातही थरथरायला लागला होता. उन्हाळ्यात त्यांनी ती जोडी चांदूर रेल्वेच्या भाच्याकडे पाठवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोळा जवळ यायला लागला तसे ते रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायला लागले. नेमके त्याच दिवसांत पिकअपचे मागचे दोन टायर बदलायचे होते, म्हणून चाकं काढून ठेवली होती आणि त्यांच्या रिमा अंगणात पडल्या होत्या. मी नर्सरीतून परत आले तर मामाजी पाटावर बसून त्या रिमांना रंग देत होते. लाल तेलरंग, शिंगांसाठी आणून ठेवलेला. समोरून दिला, उलट्या करून मागून दिला, वाळला तसा पुन्हा एक हात. मग गाडीजवळ जाऊन चाकाच्या जागी दिसणाऱ्या लोखंडी ड्रमलाही रंग दिला.

मी म्हटलं, "मामाजी, मागून कोण पाहतंय? पुढून दिला तरी पुरे."

"शिंग बुडापासून रंगवा लागते," ते वर न पाहता म्हणाले. "वरवर रंगवते तो बैलाले फसवते."

मी विज्ञानाची शिक्षिका, पण मलाही ते बोलणं पटलं. टायर चढवून चाकं बसवली, कमरेला पट्टा बांधून नवऱ्यानं नट आवळले. पोळ्याला आमची पिकअप तोरणाखाली इतरांच्या बैलांशेजारी उभी राहिली, बॉनेटवर झूल, आरशांना गोंडे. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. गाडी दारात आल्यावर मी ताट घेऊन आले, लाल चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं. मग मामाजी नारळ-दुपट्टा घेऊन पुढे झाले आणि त्यांनी बोजारा दिला माझ्या नवऱ्याला.

त्यानं त्या वर्षभरात स्टेअरिंगला हात लावलेला नव्हता. तोरणाखालून गाडी घरी मीच आणली होती, आणि ताट आणायला पळत आत गेले होते. नवरा ओशाळला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण वडिलांचा हात कसा परत करणार? गाडी त्याच्या नावावर, म्हणजे गाडीवान तो. मी वाकून त्याच्या पायांवर पाणी घातलं. पुरण मात्र त्या रात्री मला गोड लागलं नाही, आणि ते गुळामुळे नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ती वाजायला लागली.

खुरपं नव्हतं, हे पहिल्या फेरीनंतर कळलं. हौदा झाडून काढला तरी आवाज होताच. गाडी हळू असली की स्पष्ट, कट... कट... कट. वेग वाढला की दाट व्हायचा, आणि पुढे रस्त्याच्या घरघरीत मिसळून जायचा. मी गाडी अकोटला मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री माझाच विद्यार्थी, आता चाळिशीचा, पोट सुटलेला. मागच्या बाकावर बसून तो दप्तरात घड्याळं खोलायचा.

"आवाज कसा येते, मॅडम?"

"कट, कट, कट."

"कटकट तं सगळ्याच घरात हाये," तो म्हणाला आणि त्याच्या गॅरेजमधले सगळे हसले.

आपल्या भाषेची ही गंमत आहे. कटकट, कुरकुर, किरकिर, भुणभुण हे सगळे शब्द आधी वस्तूंचे आणि मग बायकांचे. मशीन कुरकुरलं तर तेल घालतात. बाई कुरकुरली तर रेडिओचा आवाज वाढवतात. मी त्याला ठणकावून सांगितलं, "माझी कटकट तू आठवीत ऐकली आहेस. ही वेगळी आहे. डावीकडून, मागून येते."

त्यानं मागची चाकं काढली, ब्रेक साफ केले, चाकं बसवली. आवाज गेला. मी त्याला शाबासकी दिली. दोन दिवस गाडी अशी गप्प चालली की मला तिचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी दर्यापूरच्या रस्त्यावर कटकट परत आली, माहेरी राहून आल्यासारखी ताजीतवानी होऊन.

दुसऱ्यांदा त्यानं कमानपाट्यांचे बुश बदलले. ओझ्यानं गाडी दबते ती ज्या लोखंडी पट्ट्यांवर, त्यांच्या टोकांची ही रबरं. हात नीट जावा म्हणून चाकं पुन्हा काढली होती. आवाज गेला. तीन दिवसांनी आला. तिसऱ्यांदा मात्र तो गंभीर झाला, आडवा होऊन गाडीखाली गेला आणि म्हणाला, "मॅडम, क्रॉस गेला." इंजिनाचं बळ मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा गाडीच्या पोटाखाली फिरत असतो, त्याचा सांधा म्हणजे क्रॉस. मोठं काम होतं. दिवसभर तो गाडीखाली होता. संध्याकाळी मी गाडी घेऊन निघाले, आणि अकोटच्या बाहेरही पडले नव्हते तर कट... कट... कट.

घरी आल्यावर नवऱ्यानं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. तो तसा शांत माणूस. त्या दिवशी शांत नव्हता.

"बस झालं आता," तो म्हणाला. "रविवारी एक जन गाडी पाहाले येऊन राहिला. देऊन टाकू. कलमा न्याले भाड्याची गाडी बोलवू, ड्रायव्हर संगं येईन."

"आणि मी?"

"तू नर्सरी पाय ना. रस्त्यात तुले काई झालं तं मी काय करू?"

त्याच्या आवाजात काळजी होती, त्यामुळे मला भांडताही येईना. ओसरीवरून मामाजी म्हणाले, "बैल बी नवा हात वयखते." म्हणजे ओळखतो. हात नवा आहे, म्हणून गाडी बोलते. झालं. त्यांनी एवढंच म्हटलं आणि पान खायला घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक इतकी मळली की पोळ्या कापसासारख्या झाल्या.

हरले असते तर गाडी जाणार होती, आणि गाडीबरोबर मी ओसरीवर जाऊन बसणार होते. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. भाड्याच्या गाडीत कलमा चढवून मी हात हलवून निरोप देतेय, आणि ड्रायव्हर म्हणतोय, "काकू, तुमी घरी जा, ऊन लागन." साठीला आलेल्या बाईला दुसऱ्यांदा कोणी स्टेअरिंग देत नाही.

शनिवारी सकाळी मी वही काढली. वर्गात मी मुलांना एक गोष्ट घोकून घेतली होती: प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसलं ते लगेच लिहायचं, आपल्याला काय वाटलं ते नाही. पहिल्या दुरुस्तीपासून मी नोंदी ठेवल्या होत्या. त्या वाचल्या तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. पुन्हा वाचल्या. ब्रेक साफ केले, आवाज दोन दिवस बंद. बुश बदलले, तीन दिवस बंद. क्रॉस बदलला, एक तासही बंद नाही. म्हणजे लहान दुरुस्त्यांनी गुण येतो आणि मोठीनं येत नाही? असं कसं? मग मी प्रत्येक दुरुस्तीपुढे त्या दिवशी काय काय उघडलं होतं ते आठवून लिहिलं. पहिल्यांदा चाकं काढली होती. दुसऱ्यांदा चाकं काढली होती. तिसऱ्यांदा चाकांना हात लावला नव्हता.

ब्रेकनं आवाज गेला नव्हता आणि बुशनंही नाही. चाकं काढून परत बसवल्यानं गेला होता.

पण वाटणं आणि दिसणं यांत फरक असतो, हे आताच सांगितलं. तपासायला हवं होतं, आणि त्यासाठी गाडीच्या बाजूनं चालणारं कुणीतरी हवं होतं. नवरा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे अकोटला गेला होता. ओसरीवर मामाजी होते.

"मामाजी, जरा गाडीच्या बाजूनं चालता का?"

"मी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना नाचायला सांगितलं. "मले काय समजते तुह्या गाडीतलं?"

"गाडीतलं नको. चाकाचं सांगा. तुम्ही जन्मभर चाकाच्या बाजूनं चाललात."

त्यावर ते उठले. मी मागच्या डाव्या टायरवर खडूनं एक जाड रेघ ओढली. खडू माझ्या पर्समध्ये असतो अजून, सवय जात नाही. म्हटलं, ही रेघ खाली जमिनीला टेकली की तुम्ही काठी आपटायची. दर वेळी. बाकी काही करायचं नाही.

गोठ्यापासून कालव्यापर्यंत आमचा कच्चा रस्ता आहे. पहिला गिअर टाकून मी माणसाच्या चालीनं गाडी सोडली. खिडक्या उघड्या. बाहेरून मामाजींची काठी वाजली, ठक. आणि त्याच क्षणी, कट. पुन्हा ठक, पुन्हा कट. ठक-कट, ठक-कट. कालव्यापर्यंत एकदाही चूक नाही. चाकाच्या एका फेऱ्याला एक आवाज. पोटाखालचा दांडा चाकाच्या एका फेऱ्यात चारेकदा फिरतो, हे मी स्वतः शिकवलेलं. आवाज त्याचा असता तर दर फेऱ्याला चार वेळा आला असता. तो चाकाचाच होता.

मामाजी पुढे येऊन खिडकीजवळ थांबले. थोडी धाप लागली होती, पण चेहरा वेगळाच होता, दहा वर्षांनी तरुण झालेला.

"सूनबाई," ते म्हणाले, "बैलगाडीचं चाक आसावर ढिलं झालं का असंच बोलते. चाक चांगलं हाये. त्याचं घर ढिलं हाये."

मी खाली उतरले, पाना काढला. नट आवळायला मला नेहमी पान्यावर उभं राहावं लागतं. त्या दिवशी नुसत्या हातानं नट फिरला. एक नाही, सगळेच्या सगळे. आणि प्रत्येक नटाभोवती बारीक लाल भुकटी जमली होती, सांडलेल्या कुंकवासारखी.

जॅक लावून चाक उतरवलं. आत रंगाचा चुरा झाला होता. रिम जिथे ड्रमला टेकते तिथे लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. आमच्याकडे मध्ये रंगाचे जाड थर होते, रिमच्या पाठीवर दोन हात आणि ड्रमवर एक. नट आवळले होते रंगावर. गाडी चालली तसा रंग दबला, फुटला, झडला, आणि तेवढी जागा मोकळी झाली. मिस्त्रीनं दर वेळी चाक बसवताना नट पुन्हा आवळले, तेवढ्यापुरता आवाज गेला, मग आणखी रंग झडला. रिमची भोकं झिजून लांबट व्हायला लागली होती. सोमवारी मी भरलेली गाडी घेऊन नांदगाव पेठेला निघणार होते. हे डोक्यात आलं तेव्हा मी चाकाशेजारी मातीतच बसले.

मामाजींनी ती लाल भुकटी बोटावर घेतली, चोळली, उन्हात धरून पाहिली.

"हा माहा रंग हाये," ते म्हणाले.

मी पटकन म्हटलं, "मामाजी, हे कुणाला सांगायचं काही कारण नाही. नट ढिले होते. आपण आवळले. झालं."

त्यांनी बोट धोतराला पुसलं. काठी घेतली आणि गोठ्यात निघून गेले. मला वाटलं, मी त्यांना सांभाळून घेतलं. मोठ्या मनाची सून असल्याचा थोडा आनंदही झाला, आता लपवून काय करू?

मिस्त्री मोटारसायकलवर आला. चाकासमोर उकिडवा बसून त्यानं रिमच्या भोकांत बोट घालून पाहिलं. "तीन डाव गाडी माह्या हातात होती, मॅडम," तो म्हणाला. मी त्याला वही दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "तुमी मले विज्ञानात काठावर पास केलं होतं. आता समजलं, ते बी उपकारच होते." त्यानं रिम बदलली, नटांचे बोल्ट बदलले, दोन्ही बाजूंचा रंग तारेच्या ब्रशनं पार लोखंडापर्यंत खरवडला. मग मी गाडी कालव्यापर्यंत नेली आणि परत आणली. इंजिन, वारा, दरवाज्याची खडखड, आणि बाकी काही नाही. तीस वर्षं मुलांना पडताळा शिकवला, पण माझ्या स्वतःच्या प्रयोगाचा पडताळा मी त्या दिवशी पहिल्यांदा केला, आणि मी गाडीत एकटीच मोठ्यानं हसले.

रविवारी गिऱ्हाईक आलंच. नवऱ्याला सगळं सांगून झालं होतं, म्हणजे नटांपर्यंतचं. तो खूश झाला होता, पण मन निवलं नव्हतं. "या खेपी सापडलं. पुढच्या खेपी?" असं त्याचं चाललं होतं. गिऱ्हाइकानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टायरला लाथ मारून पाहिली, आणि विचारलं, "मंग आवाज कायचा होता?"

"नट ढिले होते," मी म्हटलं.

"नट आपोआप ढिले होत नाईत," तो म्हणाला आणि माझ्या साडीकडे पाहून हसला. "बाईमानसानं आवयले असन."

तेव्हा मामाजी ओसरीवरून उठले. काठी न घेता पायऱ्या उतरून अंगणात आले.

"नट माह्या पोरानं आवयले," ते म्हणाले, "अन् चांगले आवयले. त्याच्याखाली रंग होता. तो म्या लावला. पोयासाठी लावला, बुडापासून लावला, मले वाटलं शिंगं हायेत. दोष गाडीचा नाई अन् हिच्या हाताचा तं मुळीच नाई. चाक निंघून पडलं असतं तं माह्या रंगानं पडलं असतं. हिनं ऐकलं म्हनून जाग्यावर राहिलं. तीन डाव मिस्त्रीनं पाह्यलं, त्याले नाई समजलं. माह्यावाला बैल लंगडला तं मले बी इतकं लवकर समजत नव्हतं." मग ते मुलाकडे वळले. "गाडी विकाची नाई."

ऐंशीच्या वरचा माणूस, परक्या माणसासमोर, आपल्या अंगणात. मी आदल्या दिवशी त्यांना जे झाकून ठेवायला सांगत होते ते त्यांनी उघड्यावर आणून ठेवलं. मोठ्या मनाची मी नव्हते, ते होते. मला माझा अभिमान वाटला होता तो शनिवारी. त्या रविवारी मला या घरात दिल्याचा अभिमान वाटला, आणि हे मी माझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं. सोमवारी मी निघताना मामाजी डाव्या दारापाशी धोतर सावरत उभे होते. "मले अमरावतीले काम हाये," ते म्हणाले. काम काही नव्हतं. दार त्यांनी एकदाच आपटलं, ते लागलं नाही. मी म्हटलं, "दोनदा, मामाजी." नांदगाव पेठेपर्यंत ते कान चाकाकडे लावून बसले होते.

पुढच्या वर्षी पोळा आला. मामाजींनी मिस्त्रीला बोलावून घेऊन विचारलं की रंग कुठपर्यंत चालतो. मग रिमांच्या पुढच्या बाजूला, नटांच्या जागेपासून चार बोटं दूर, गोल रेघ आखली आणि तिच्या बाहेर रंग दिला. मला दाखवून म्हणाले, "बुडाले सोडलं हाये, पाय." त्यांच्या बोलण्यात एक बारीक दुःख होतं. आयुष्यभराचा नियम मोडला होता त्यांनी.

गाडी तोरणाखालून मी घरी आणली. दारात उभी केली आणि नेहमीप्रमाणे ताट आणायला पळणार, तर मामाजी आडवे आले.

"तू कुठी चालली?"

"ताट आणते."

"ताट तो आनन." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. "गाडीवान कवा ताट आनते?"

नवरा आत गेला आणि ताट, तांब्या घेऊन आला. कमरेचा पट्टा सावरत वाकला, लाल चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं. त्याला ओवाळता येत नाही, ताट उलटं फिरवलं. कुणी हसलं नाही. मामाजींनी माझ्या हातात नारळ दिला. दुपट्ट्याची घडी मोडून तो माझ्या खांद्यावर टाकला, पांढरा, पुरुषांचा, कोऱ्या कापडाच्या वासाचा.

मग ते मुलाला म्हणाले, "पायावर पानी टाक तिच्या."

त्यानं टाकलं. थंडगार पाणी पायांवरून अंगणात गेलं. मला चपला काढायचं सुचलंच नव्हतं. त्याच ओल्या चपलांनी मी परत गाडीत बसले आणि गाडी गोठ्यात नेऊन लावली.